हिंगण्याची वाट आणि बावीस परीषह



संकट कोणाला चुकले आहे? कोणाची पेढी बुडते, कोणाच्या घरातील कर्ता माणूस अकाली निघून जातो. अशा वेळी भेटावयास येणारा प्रत्येक जण ‘श्रद्धा ठेवा, धीर धरा’ असे सांगून जातो. परंतु धीर धरायचा म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी बावीस परीषह सांगितले आहेत. क्षुधा, तृषा, शीत, उष्ण हे आपल्या परिचयाचे. पण त्याच यादीत चर्या म्हणजे चालण्याचे कष्ट आहेत, आक्रोश म्हणजे लोकांचे कठोर बोल आहेत, याचना आहे, अलाभ आहे. आणि सर्वांत शेवटी आहे अदर्शन. दीर्घकाळ साधना करूनही फळ दिसेना, म्हणजे मूळ श्रद्धाच डळमळू लागते, तो हा परीषह. हे सारे मुनिजनांसाठी सांगितलेले आहे, हे खरे. तथापि संसारी माणसाच्या वाट्याला ते कसे येतात हे पाहण्यासाठी पुण्याबाहेर जाण्याचे कारण नाही. जन्माने जैन नसलेले एक गृहस्थ याच शहरात अर्धशतकाहून अधिक काळ ते सोशीत होते. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे.

चालण्याशी त्यांचा संबंध लहानपणापासूनचा. कोकणातील मुरुडहून परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून ते साताऱ्यास पायी गेले. शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून पोहोचल्यावर, मुलगा वयाने लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरे भरले होते, शरीरयष्टी तेवढी किरकोळ होती. आले तसे ते परत गेले. मॅट्रिक होईपर्यंत तेविसावे वर्ष उजाडले.

1891 मध्ये पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई झाल्या. मुरुडने बहिष्कार टाकला. स्वतःच्या आईकडे जाऊन उतरणेही अवघड झाले. आक्रोश परीषह पुस्तकात वाचणे निराळे आणि स्वतःच्या गावात ऐकणे निराळे!

1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली. पुढे प्लेगची साथ आली, शहरात विरोधही होताच. तेव्हा रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन व 750 रुपये दिले आणि 1900 साली तेथे एक झोपडी उभी राहिली. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे सायंकाळी चारएक मैल पायी हिंगण्यास जात आणि तेथील स्त्रियांना शिकवीत. पावसाळ्यात वाट चिखलाची, भोवती रान. सनातनी मंडळींचा रोष होताच. आश्रम पुनर्विवाहाचा पुरस्कार करीत नाही म्हणून काही सुधारकही नाराज होते. दोन्ही बाजूंचे बोल ऐकत हिशेब मात्र पैन् पै चोख ठेवला जाई. व्यापारी माणसाला या हिशेबाचे मोल अधिक कळावे. जो पदरचे घालतो त्यालाच दुसऱ्याकडे मागण्याचा अधिकार असतो. कर्व्यांनी आपली 5000 रुपयांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली होती. आनंदीबाईंनी सुईणकामाचे शिक्षण घेतले आणि घर चालविले. त्यांच्या धीराची गोष्ट सभांतून फारशी सांगितली जात नाही. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र घरोघरी वाचले जावे.

1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले तेव्हा महाविद्यालयाच्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. एवढ्यासाठी का विद्यापीठ काढतात, असे कोणालाही वाटावे. अदर्शनाचा क्षण असेल तर तो हाच. परंतु वर्ग भरत राहिले. 1920 मध्ये मुंबईचे कापड गिरणी मालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. साडेतीन टक्के व्याजाने तिचे वर्षाला 52,500 रुपये येत. येथे गोष्ट सुखान्त व्हावयास हवी होती. तसे झाले नाही. दात्याच्या निधनानंतर, 1930 नंतरच्या वर्षांत, विश्वस्तांशी मतभेद होऊन हे वार्षिक उत्पन्न काही काळ थांबले. विद्यापीठासाठी सत्तरी ओलांडून युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरून आलेल्या कर्व्यांच्या वाट्याला पंचाहत्तरीत पुन्हा अलाभ आला! अखेर तडजोड झाली, आणि 1936 मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईस गेले.

बरे, आता तरी विसावा घ्यावा! त्याच वर्षी, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी नवे मंडळ स्थापिले, आणि वर्गणी मागत पुन्हा पायी फिरू लागले. ज्यांच्या विद्यापीठास लाखांची देणगी मिळाली होती, त्यांना किरकोळ वर्गणी मागण्यात कमीपणा वाटला नाही. याचना परीषह जिंकणे याहून निराळे ते काय असणार?

1958 मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले. ‘सत्कार-पुरस्कार’ हाही बावीस परीषहांपैकी एक आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण तो सोसावा लागतो हे सत्कार स्वीकारताना कोणाच्या ध्यानी राहत नाही. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यातच त्यांचे देहावसान झाले.

हिंगण्याचे आता कर्वेनगर झाले आहे आणि त्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. रान राहिले नाही, चिखल राहिला नाही. फर्ग्युसन महाविद्यालयापासून पायी निघाल्यास आजही तास-सव्वा तास लागतो.