मूळ गावचा किनारा आणि अरण्य

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत आहे. अशा वसाहतींत राहणाऱ्या माणसाच्या सेवापुस्तकात ‘मूळ गाव’ असा एक रकाना असतो. त्यात एखाद्या कोकणी कुटुंबाने सावंतवाडीकडील गावाचे नाव लिहिलेले असते, आणि प्रवास-सवलतीचे वर्ष आले की घरात त्या नावाची आठवण होते. घरातील तरुण मुले आता जड ट्रंका नेत नाहीत. दोन कपडे, विजेरी, घोंगडी नाहीतर प्लॅस्टिकचे इरले, एवढे पाठीवर टाकले की त्यांची तयारी झाली! कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, तेव्हापासून निजामुद्दीनला बसलेला उतारू रत्नागिरीस किंवा मडगावास उतरून किनारा गाठू शकतो.

असा प्रवास करणाऱ्याने मुक्काम समुद्राकाठी करावा आणि अरण्यात दिवसा जाऊन यावे, हे बरे. शिरोड्यासारखे गाव मुक्कामास सोयीचे आहे. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाने ते देशाला ठाऊक झाले, आणि वि. स. खांडेकरांनी तेथील शाळेत अनेक वर्षे अध्यापन केले. सकाळी तेथून एस. टी. ने सावंतवाडी आणि पुढे आंबोलीचा घाट. समुद्राची दमट हवा सकाळी अंगाला चिकटलेली असते, आणि दुपारच्या आत प्रवासी सुमारे सातशे मीटर उंचीवर धुक्यात उभा असतो. वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस येथे पडतो. दिल्लीकराला हा आकडा खोटाच वाटावा. श्रावणात गेल्यास जळवांची तयारी ठेवावी. त्या पायाला लागल्या की शिरोड्याचे मीठ उपयोगी पडते.

आंबोलीस बहुतेक लोक धबधबा पाहून परततात. तो देखणा आहे खरा. परंतु गर्दी सोडून हिरण्यकेशीच्या उगमापाशी जाणाऱ्याला अधिक काही मिळते. तेथील देवळाच्या कुंडात राहणाऱ्या एका लहानशा माशाची शास्त्राला २०२० साली ओळख झाली, आणि २०२१ साली त्याच्यासाठी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. देवाच्या पाण्यातला मासा धरू नये, एवढेच जुने लोक जाणत होते.

दुसरा दिवस दोडामार्गासाठी राखावा. हेवाळे-बांबर्डे येथे देवराईत रानजायफळाचे दलदली जंगल आहे. चिखलात श्वास कोंडू नये म्हणून या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात. असली जंगले दक्षिणेकडे केरळ-कर्नाटकात आढळतात; महाराष्ट्रात ते असेल असे फारसे कोणाच्या ध्यानी नव्हते. ते टिकले, कारण देवाच्या राईत कोयता चालत नसे. याच मुलखात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरू लागले. केळी-माडांची नासधूस सोसणाऱ्या शेतकऱ्याला अरण्याचे कौतुक सांगताना शहरी पाहुण्याने जरा जपून बोलावे.

येथे एक गोष्ट पाहुण्याच्या लक्षात सहसा येत नाही. या भागातील पुष्कळसे जंगल सरकारी नसून खाजगी आहे. सातबाऱ्यावर भाऊबंदांची दहा-पंधरा नावे असतात. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, एखादी दिल्लीत. जमिनीला गिऱ्हाईक येते, डोंगर साफ होतो, आणि जेथे पाच थरांची सावली होती तेथे रबराच्या किंवा अननसाच्या रांगा उभ्या राहतात. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यातील वृक्षतोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली मनाई केली. तरीही तोडीच्या तक्रारी पुढे येतच राहिल्या.

२०१८ साली लक्ष्मीबाई नगराच्या शेजारी, सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर या वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी हजारो झाडे पाडावयाची ठरली, तेव्हा दिल्लीचे लोक रस्त्यावर आले आणि उच्च न्यायालयाने तोड थांबविली. त्या झाडांवर त्यांपैकी कोणाचाही मालकी हक्क नव्हता. गावच्या राईलगतच्या डोंगरात मात्र तो हक्क आहे, आणि संमतीचा कागद टपालाने दिल्लीस आला तर काकांच्या शब्दाखातर त्यावर सही होते. डोंगर कोणी पाहिलेलाच नसतो.

म्हणून पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या मुलाने एक दिवस तलाठ्याकडे घालवावा. उतारा मागावा, त्यावर आजोबांचे नाव शोधावे, गट नंबर टिपून घ्यावा आणि काकांनाच वाट दाखवावयास सांगावी. ते कुरकुरतील, पण येतील. वाट चढणीची असते; मध्येच ओहोळ लागतो, धनेशाच्या पंखांचा आवाज डोक्यावरून जातो. मात्र उन्हे कलण्यापूर्वी खाली उतरावे, कारण शेवटची एस. टी. चुकली तर शिरोड्यापर्यंत वाहन मिळणे कठीण.