छायाचित्र माझे, क्षण त्यांचा

(लेस्टर येथे मराठी भाषक ज्यू कुटुंबांच्या रविवारच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



निवृत्त नर्स बोलायला उभी राहिली की ती रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आपल्या चिटणीसांनी मात्र मला माझ्या छंदाविषयी बोलण्याची विनंती केली. सत्तरी ओलांडलेली ही बाई मोटारसायकलच्या शर्यतींचे आणि विमानातून उड्या मारणाऱ्यांचे फोटो काढते, वर ते विकतेही, याचे पुष्कळांना नवल वाटते. काहींना ते वयाला शोभणारे वाटत नाही. त्यांच्या मताचा मी आदर करते. परंतु उन्हाळ्यातला रविवार मी घरी बसून घालवीन, अशी आशा त्यांनी ठेवू नये.

हा छंद मला लेस्टरने दिला. ब्रिटनमधील स्कायडायव्हिंगचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे कार्यालय लंडनमध्ये नसून आपल्या शहराला लागून असलेल्या ग्लेन पार्व्हा येथे आहे. ईशान्येला, नॉटिंगहॅमशायरमध्ये लँगर येथे दुसऱ्या महायुद्धातील बाँबर विमानांचा तळ होता. आज तेथे हौशी मंडळी पॅराशूट बांधून विमानात चढतात. पश्चिमेला कर्कबी मॅलरी गावाजवळ मॅलरी पार्कचा शर्यतमार्ग आहे. त्याची एक फेरी जेमतेम 1.35 मैलांची. 1958 पासून तेथे ‘रेस ऑफ द इयर’ ही मोटारसायकलींची गाजलेली शर्यत भरू लागली. वायव्येला डॉनिंग्टन पार्क आहे. तेथे 1931 मध्ये प्रथम मोटारसायकली धावल्या. महायुद्धात ती जागा लष्कराने वाहने ठेवण्यासाठी ताब्यात घेतली आणि टॉम व्हीटक्रॉफ्ट या लेस्टरशायरच्याच बांधकाम व्यावसायिकाने 1977 मध्ये तेथे पुन्हा शर्यती सुरू केल्या. 1987 ते 2009 या काळात मोटारसायकलची ब्रिटिश ग्रां प्री तेथेच होत असे. ही सारी ठिकाणे माझ्या घरापासून मोटारीने तासाभराच्या आत आहेत.

वेगाची ओढ मात्र मी बरोबर आणली होती. माझे बालपण अलिबागचे. ओहोटीच्या ओल्या वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती लागत, तेव्हा आम्ही मुले वडिलांचे बोट सोडून पुढे पळत असू. पुढे मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, विवाह झाला, लेस्टरला आले आणि नोकरीची बरीच वर्षे अस्थिविभागात गेली. सोमवारी सकाळी वॉर्डात शिरले की रविवारच्या शर्यतींचा निकाल मला खाटांवरून कळे. कोणाचे कॉलरबोन मोडलेले, कोणाचे मनगट. पॅराशूटवाल्यांचा बहुधा घोटा जायचा. ही माणसे मला नेहमी आडवी भेटत. त्यांचा जीव कशात रमतो, हे मी कधी पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला तो त्यांना उभे पाहण्यासाठी.

आता थोडे कामाविषयी. वेगवान दुचाकीचा फोटो काढण्यासाठी शटर जितके वेगवान तितके चांगले, असे नवशिक्याला वाटते. सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतला, तर चाकाचे आरे स्थिर दिसतात आणि भरधाव मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवल्यासारखी वाटते. त्यासाठी शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतके मंद ठेवायचे, पाय रोवून उभे राहायचे आणि कंबरेपासून वरचे शरीर स्वाराबरोबर वळवत न्यायचे. मग स्वार स्पष्ट येतो, चाके फिरताना दिसतात आणि मागची झाडी रेघांसारखी पसरते. दहांतले आठ फोटो वाया जातात. प्रेक्षकांच्या बाजूला तारेची जाळी असते; भिंग तिच्या अगदी जवळ नेले आणि त्याचे छिद्र मोठे ठेवले, तर जाळी फोटोत विरून जाते. पत्रकारांना जाळीपलीकडे जाता येते, परंतु त्यासाठी आयोजकांचे परवानापत्र आणि विमा लागतो. मी जाळीच्या अलीकडेच उभी राहते. या वयात उडी मारून बाजूला होण्याचा प्रसंग न आलेला बरा.

पॅराशूटचे गणित निराळे आहे. विमान सुमारे बारा ते पंधरा हजार फुटांवर जाते. उडी मारणारा ताशी सुमारे 190 किलोमीटर वेगाने जवळजवळ मिनिटभर खाली येतो; मग छत्री उघडते आणि पुढची पाच-सहा मिनिटे तो तरंगत उतरतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला तो प्रथम दिसतही नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. ती नऊवारी घराघरांत पोहोचली ती चित्रांमुळे, कारण तेवढ्या उंचीवरचा पदर खाली उभ्या माणसाला कसा दिसणार? आकाशातील फोटो घेणारा स्वतःही उडी मारतो. त्याचा कॅमेरा शिरस्त्राणावर बसवलेला असतो आणि हात मोकळे राहावेत म्हणून शटरची कळ पुष्कळदा दातांत धरलेली असते. हे काम करण्यापूर्वी पदरी दोनशे उड्यांचा अनुभव लागतो. माझ्या पदरी एकही नाही.

मग माझ्यासाठी काय उरते? जमीन उरते, आणि जमिनीवर थांबलेली माणसे. धर्मादाय कार्यासाठी निधी जमवण्याकरिता येथे अनेकजण आयुष्यात एकदाच उडी मारतात. प्रशिक्षकाला जखडून मारायची ही जोड-उडी असते. त्यांच्याबरोबर आख्खे कुटुंब येते. विमान दृष्टीआड झाले की त्या मंडळींचे बोलणे बंद होते. शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचे चेहरे मी आयुष्यभर पाहिले आहेत. लँगरच्या गवतावर मान वर करून उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे तसेच असतात. फरक इतकाच की येथे उत्तर सहा-सात मिनिटांत मिळते आणि बहुतेक वेळा ते हसत हसत पायांवर उतरते. मी त्या चेहऱ्यांचे फोटो काढते. त्याला गिऱ्हाईक मिळेल असे मला वाटले नव्हते. आज माझी निम्मी विक्री त्यांचीच होते.

विक्री हा शब्द उच्चारला, म्हणून हिशेबही सांगते. एका फोटोला मी आठ पौंड घेते. येथील नियमानुसार 2017 च्या एप्रिलपासून वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतच्या अशा किरकोळ ढोबळ उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, आणि माझा व्यवसाय ती मर्यादा क्वचितच ओलांडतो. आयोजकांचा ठरलेला छायाचित्रकार असेल, तर त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. लेखी परवानगी असेल तेथेच विकायचे. शनिवारी कॅमेरा कपाटात राहतो. उड्या मारणाऱ्यांची खरी गर्दी शनिवारी असते, धंदा बुडतो, असे मला सांगितले जाते. कोकणात आपल्या पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला आणि ‘शनिवार तेली’ हे नाव मिळवले. त्यांचे तेल कमी विकले गेले असेल, पण आपण आज येथे आहोत. नोकरीत असताना मी शब्बाथच्या दिवशी पाळी केली आहे, कारण जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मागे सरतो. फोटोसाठी तो मागे सरत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण स्वीकारले, तिच्याकडे येते.

ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यानुसार सामान्यतः फोटोचा स्वामित्वहक्क तो काढणाऱ्याचा असतो; तो त्याच्या मृत्यूनंतरही सत्तर वर्षे टिकतो. म्हणजे जाळीपलीकडे पडलेल्या माणसाचा मी टिपलेला फोटो कायद्याने माझा. रुग्णालयात मी याच्या अगदी उलट शिकले होते. रुग्णाची अवस्था मी पाहते, नोंदवते, परंतु ती माझी नसते. ती घेऊन मी दाराबाहेर जाऊ शकत नाही. निवृत्त झाल्यावर नर्सचा गणवेश परत करता येतो, ही शिस्त परत करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मॅलरी पार्कच्या अरुंद वळणावर एक तरुण स्वार पडला. माझा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो घेतो. काय घडले हे कळण्यापूर्वीच चार-पाच फोटोंत ते उतरले होते. लाल निशाण पडले, शर्यत थांबली, रुग्णवाहिका आली. मी कॅमेरा खाली ठेवला. त्याच संध्याकाळी एका अनोळखी गृहस्थांनी त्या फोटोंसाठी माझ्या नेहमीच्या दराच्या दसपट रक्कम देऊ केली. मी नकार दिला. तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही काढले नसते तर दुसऱ्या कोणीतरी काढलेच असते.” मी म्हटले, “मग आपण त्यांच्याकडून घ्यावेत.”

तीन महिन्यांनी तो तरुण स्वतःच माझ्या घरी आला. मनगटावर अजून पट्टी होती. मागून आलेल्या प्रतिस्पर्ध्याने धक्का दिला म्हणून आपण पडलो, असे तो सर्वांना सांगत आला होता आणि त्या दोघांचे बोलणे तुटले होते. स्वयंपाकघरात चहा घेताना मी त्याला ते फोटो क्रमाने दाखवले. दोन मोटारसायकलींमध्ये स्पष्ट अंतर होते. त्याचे पुढचे चाक आधीच घसरले होते. त्याने ते तीनदा पाहिले. मग विचारले, “हे आणखी कोणी पाहिले आहे?” मी म्हटले, “तू पहिला.” त्याने एक प्रत घेतली, ती त्या दुसऱ्या मुलाला दाखवायला. बाकीचे सारे त्याने मला पुसून टाकायला सांगितले आणि मी त्याच्यासमोर पुसले. त्या प्रतीचे पैसे मी घेतले नाहीत.

ते फोटो आधीच बाजारात गेले असते, तर? लोकांनी त्याला खोटे ठरवले असते, हसले असते. सत्य तेच राहिले असते; परंतु ते स्वतःच्या तोंडाने सांगण्याची संधी त्याला मिळाली नसती. म्हणून माझा नियम असा: उभ्या माणसाचा फोटो मी विकते, पडलेल्या माणसाचा फोटो त्याचा असतो. चौकशीसाठी अधिकाऱ्यांनी मागितला तर द्यायचा, त्याने मागितला तर विनामूल्य द्यायचा, इतर कोणालाही नाही.

भीतीचे काय, असे आपण विचाराल. एकदा लँगरला ऐंशीच्या घरातील एक आजी उतरल्या. माझ्याकडे त्यांचे दोन चांगले फोटो होते: उतरल्यावरचा, खळखळून हसतानाचा, आणि विमानाकडे चालत जातानाचा, ओठ घट्ट मिटलेला, भेदरलेला. दुसरा दाखवण्यापूर्वी मी त्यांना बाजूला घेतले. त्यांनी तोच निवडला. म्हणाल्या, “हसणारे माझे फोटो घरात ढिगाने आहेत. मी घाबरले होते आणि तरी चालत गेले, हे नातवंडांना दिसू दे.” तो फोटो मी आपण होऊन प्रदर्शनात लावला असता, तर ती त्यांची फजिती ठरली असती. त्यांनी निवडल्यामुळे तो त्यांचा पराक्रम झाला. फोटो एकच, निवड कोणाची, यावर त्याचा अर्थ बदलला.

आज हा प्रश्न माझ्यासारख्या हौशी छायाचित्रकारांपुरता राहिलेला नाही. येथे बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ठाण्यात असो, अश्दोदमध्ये असो वा लेस्टरमध्ये. रस्त्यावर दुचाकीस्वार पडला की आधी दहा फोन वर होतात. तरुण मुलामुलींना माझे सांगणे आहे: फोन वर करायचा तो मदत बोलावण्यासाठी. येथे 999, महाराष्ट्रात 108. येणाऱ्या वाहनांना थांबवा. जखमीला उचलून बसवू नका, मान हलू देऊ नका. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट काढू नका. पाणी पाजू नका. जवळ बसून त्याच्याशी बोला. भारतात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिलेले आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने मागे हटू नका. आणि आपल्या अंगावर ओढणी वा कोट असेल, तर फोन उगारणाऱ्यांच्या आणि त्याच्या मध्ये धरून उभे राहा. वॉर्डात आम्ही खाटेभोवती पडदा ओढत असू, तो उपचाराचाच भाग होता.

मागच्या टेबलावर काही फोटो मांडले आहेत. त्यांतील प्रत्येक व्यक्तीला विचारूनच ते आणले आहेत. चहा घेता घेता अवश्य पाहावेत. विकत घेण्याचा आग्रह नाही. चिटणीसांनी समाजगृहात धंदा करायला मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे.

 परमेश्वर आपणां सर्वांना आरोग्य देवो. शालोम.