घरखर्च, हप्ता आणि ख्रिस्ती कुटुंब
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं आपण पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करीत आहों. त्यांच्या काटकसरीचेंही स्मरण करावें, असें मला वाटतें. कारण घरभेटीस जातों तेव्हां पैशाच्या ओढाताणीची तक्रार वारंवार कानीं येते.

पूर्वीं सर्व आबादीआबाद होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या वसईच्या वाड्यांत केळीं, पानवेल व भाजी पिकविणारा शेतकरी लग्नासाठीं अथवा आजारपणासाठीं सावकाराच्या दारीं जाई. त्या फांसांतून सुटण्यासाठींच 1918 सालीं येथें कॅथलिक सहकारी संस्था उभी राहिली; तीच आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक होय. कर्ज म्हणजे काय, हें त्या पिढीनें सोसून जाणलें होतें. माझे वडील एक लहानशी चोपडी ठेवीत. एका बाजूस केळीं विकून आलेला पैसा, दुसऱ्या बाजूस खर्च. पैसा आला नाहीं, तर खर्च थांबे.

आज खर्च थांबत नाहीं. तो आधींच बांधलेला असतो. सरकारी पाहणीनुसार 1999-2000 सालीं शहरी कुटुंबाच्या खर्चांतील सुमारें 48 टक्के भाग अन्नावर जाई. 2022-23 सालीं तो सुमारें 39 टक्क्यांवर आला. पोटाचा भार हलका झाला, तरी शिल्लक वाढली नाहीं. त्याच 2022-23 सालीं देशांतील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या सकल उत्पादनाच्या सुमारें 5 टक्क्यांवर उतरली, असें रिझर्व्ह बँकेचे आंकडे सांगतात. वाढलेलें कर्ज हें त्याचें एक मोठें कारण.

मुलांची फी, औषधपाणी, घरभाडें ह्यांबद्दल मी कोणास दोष देत नाहीं. परंतु त्यांवर फोन, मोटारसायकल, लग्नाचा हॉल ह्यांचे हप्ते चढतात. चाळीस हजार पगार आणि चार-चार हजारांचे चार हप्ते, म्हणजे मिळण्यापूर्वींच सोळा हजार विकले गेले. क्रेडिट कार्डाची बाकी थकली आणि महिन्यास साडेतीन टक्के व्याज लागलें, तर वर्षास तें बेचाळीस टक्के होतें. सावकार गेला नाहीं. तो आपल्या खिशांत येऊन बसला आहे.

एक तरुण जोडपें माझ्याकडे आलें होतें. दोघेंही कमावतीं. बोलणें पैशावरून निघालें आणि रडण्यावर संपलें. कारण पतीनें एक कर्ज पत्नीपासून लपविलें होतें. रक्कम कांहीं फार मोठी नव्हती. मोडला होता तो विश्वास.

1891 सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं आपल्या परिपत्रकांत सांगितलें कीं, कामकऱ्याच्या वेतनांत कुटुंबाचा निर्वाह होऊन थोडी शिल्लकही पडावी. तसें वेतन मागणें हा आपला हक्क आहे. ती शिल्लक राखणें हें आपलें कर्तव्य आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच: ती जुनी चोपडी पुन्हां उघडा. महिन्यांतून एका रविवारीं, मिस्सेनंतर, पतिपत्नींनीं ती एकत्र वाचावी, आणि एकानें दुसऱ्यास न सांगतां कोणतेंही कर्ज काढूं नये. आणि आपण सर्वांनीं, मी धरून, साध्या लग्नास नांवें ठेवूं नयेत. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दृष्टान्त प्रभूनें उगीच दिला नाहीं.

आपल्या घरांत शांति नांदो, हीच त्या दयाघन पित्याचरणीं प्रार्थना.