धबधब्यावर स्पीकर का नको

पावसाळा लागला की आपल्यात दोन पार्ट्या पडतात, नेचर वॉकवाले आणि पिकनिकवाले. पहिले दुसऱ्यांना नावं ठेवतात. मी पहिल्यांतला, तरी आज दुसऱ्यांची थोडी बाजू घेणार आहे.

मागच्या जुलैत आम्ही ऑफिसमधले सहा जण पेणहून रोह्याकडे जाताना डोंगरातल्या एका ओढ्यावर गेलो. नाव सांगत नाही, पुढच्या रविवारी पार्किंग मिळणार नाही! ऐकायचा होता शीळकरी कस्तूर. निळा-काळा पक्षी, पावसाळ्यात ओढ्याकाठी अगदी माणसासारखी शीळ घालतो. ऐकू आले दोन ब्लूटूथ स्पीकर, दोन वेगळी गाणी.

धबधब्याखाली शंभरेक माणसं असतील. धाटाव एमआयडीसीतली पोरं, साडी खोचून पाण्यात बसलेल्या मावश्या, टायरवर तरंगणारी लहान मुलं. आमची दुर्बीण बघून एका काकांनी विचारलं, "सर्व्हे आहे का? रस्ता होणार?" नाही म्हटल्यावर भजीची प्लेट पुढे केली. आठवडाभर शिफ्ट करणाऱ्या माणसाला फुकटात भिजायची जागा दुसरी कुठली आहे, सांगा. मला त्यांचा राग नाही आला.

पण गर्दी बघून जागा सेफ वाटायला लागते, आणि तिथेच घोळ होतो. सह्याद्रीचे हे ओढे आखूड आणि उभ्या उताराचे. वर घाटमाथ्यावर कोसळत असेल आणि खाली नुसती भुरभुर, तरी लोंढा बघता बघता खाली येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. सगळे एकमेकांना धरून उभे होते.

आमच्या समोर पाणी बदललेलं पहिल्यांदा दिसलं भजीवाल्या ताईंना. पांढरं पाणी चहासारखं झालं, पालापाचोळा यायला लागला. त्या ओरडत होत्या, पण स्पीकरमुळे पन्नास फुटांवर काही ऐकू जाईना. आमच्यातला एक जण पळत जाऊन स्पीकर बंद करून आला, मग सगळ्यांना वरचा आवाज ऐकू आला. तो आवाज वेगळाच असतो, खडखडाट. मुलं उचलली, सगळे काठावर. थोड्या वेळात मावश्या बसल्या होत्या तो कातळ दिसेनासा झाला. टायर गेला वाहून.

म्हणून सांगतो, पाणी गढूळ झालं, काटक्या आल्या किंवा आवाज वाढला, की सामान सोडा आणि परतीची वाट ज्या काठाला आहे त्या काठाला या. पलीकडे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबा, दोर धरून ओलांडायला जाऊ नका.

बंदीचं म्हणाल तर भिऱ्याजवळच्या देवकुंडला पावसाळ्यात प्रशासनाने ती अनेकदा घातली आहे. बंदी असेल तिथे जाऊच नका. पण सरसकट बंदीने भजीवाल्या ताईंचा सीझन बुडतो. मला वाटतं, वाडीतलाच एक जण शिट्टी देऊन वरच्या टप्प्यावर बसवावा, रोजावर. आम्ही सर्व्हरला मॉनिटरिंग लावतो, तसंच हे. खर्च किती? येणाऱ्या गाडीमागे दहा-वीस रुपये घेतले तरी निघेल.

कस्तूर ऐकायचा असेल तर रविवार सोडून, उजाडायच्या आत पोहोचा. दिवा–रोहा गाडीची वेळ आधी बघून ठेवा.