चाक बाहेर, पकड आत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, रविवारी सकाळी घाटातल्या चहाच्या टपरीसमोर एखादी गाडी हमखास उभी दिसते. उंच केलेली जीप नाहीतर जिप्सी, जाडजूड टायर आणि मडगार्डच्या बाहेर दोन बोटं आलेली चाकं. पैलवानानं छाती काढून उभं राहावं तसा तिचा रुबाब. ही चाकं बाहेर कशी आली, हा प्रश्न थोड्यांनाच पडतो. ती कशाच्या भरवशावर टिकून आहेत, हा त्याहून थोड्यांना. आज त्या भरवशाबद्दल बोलायचं आहे. कवीनं नटबोल्टांवर काय बोलायचं, असं म्हणू नका. आम्हीही मात्रा मोजणारी माणसं. इथे आटे मोजायचे, एवढाच फरक.

युक्ती साधी आहे. हबमधून चार, पाच किंवा सहा स्टड बाहेर आलेले असतात. चाकाची भोकं त्यांवर बसतात आणि वरून नट आवळतात. हब आणि चाक यांच्यामध्ये धातूची एक जाड चकती घातली की चाक तेवढं बाहेर सरकतं. या चकतीला स्पेसर म्हणतात.

ही चकती केवळ मिरवण्यासाठीच घालतात असं नाही. रुंद टायर बसवला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की तो कधी पाट्यांना तर कधी चॅसीला घासतो. मोठे ब्रेक बसवले तर चाकाला आतून जागा पुरत नाही. गाडी उंच केली की तिचा तोल वर जातो, म्हणून पाय जरा फाकवावे लागतात. पोर्शेसारख्या कंपनीनं तर काही मोटारींसाठी स्वतःच स्पेसर आणि त्यांच्या मापाचे लांब बोल्ट दिले आहेत. तेव्हा दोष चकतीचा नाही. चकतीबरोबर जे यायला हवं ते येत नाही, दुखणं तिथे आहे.

आपल्याला वाटतं, गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो आणि खाटेच्या ताणलेल्या नवारीसारखा मागे ओढ घेतो. त्या ओढीनं चाक हबवर घट्ट दाबलं जातं. वजन, ब्रेक, खड्ड्याचा दणका हे सगळं मुख्यतः त्या दाबातून निर्माण होणारं घर्षण पेलतं. ओढ गेली की चाक किंचित हलू लागतं आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकवतं. जीपचं चाक एका किलोमीटरला चारशेहून अधिक फेरे घेतं. पुण्याहून कोल्हापूरला जाईतो हे फेरे लाखाच्या घरात जातात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे लहान मुलालाही ठाऊक असतं.

आता ही ओढ धरून ठेवतं कोण? नटाच्या आत अडकलेले आटे. आणि चकती घातली की नेमके तेच कमी होतात.

आमच्या मोहल्ल्यात एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. एक तरुण त्यांच्याकडे चकत्या घेऊन आला. "उस्ताद, दहाच एमएमच्या आहेत, बसवून टाका." उस्तादांनी आधी चकती न घालता चाक चढवलं आणि नट त्याच्या हातात दिला. "हातानं फिरव बेटा, आणि मोठ्यानं मोज." पोरानं बारा फेरे मोजले. मग चकती घालून पुन्हा तेच करायला लावलं. या वेळी तो पाचावरच थांबला. उस्ताद म्हणाले, "सात कुठे गेले?" पोरानं चकत्या उचलल्या आणि लांब स्टडची चौकशी सुरू केली.

हिशेब सरळ आहे. स्टड १२ मिलिमीटर जाडीचा, एका आट्याचं अंतर दीड मिलिमीटर. स्टडची जितकी जाडी, किमान तितकी लांबी नटात धरलेली हवी, असा कारागिरांचा ठोकताळा. म्हणजे आठ फेरे. पाचावर गाडी चालते, वळते, घाटही चढते. बाहेरून नट पूर्ण बसलेला दिसतो. म्हणूनच धोका कळत नाही.

यावर उपाय म्हणजे लांब स्टड. चकतीची जितकी जाडी, निदान तितकी त्याची लांबी जास्त हवी. पण हा स्टड नुसता लांब असून भागत नाही. त्याच्या मानेवर दातेरी पट्टा असतो, त्या दात्यांनी तो हबच्या भोकात घट्ट रुतून बसतो. पट्ट्याचं माप थोडं कमी असलं तर नट आवळताना स्टडच गरगर फिरतो. जास्त असलं तर हबला तडा जाऊ शकतो. अशा वेळी वेल्डिंगचा टाका मारून भागवणारे महाभाग आहेत. त्या उष्णतेनं स्टडचं पोलाद बिघडतं. चांगला स्टड सहसा १०.९ प्रतीचा असतो, तो प्रेसवर बसवावा. आणखी एक फसवा प्रकार सांगतो. वरून बंद असलेला टोपीचा नट लांब स्टडवर लावला, तर स्टडचं टोक टोपीला आतून टेकतं. पाना अडतो, हाताला वाटतं घट्ट झालं आणि चाक मात्र सैलच राहतं. तिथे आरपार नट हवा, आणि त्याची बैठक चाकाच्या भोकाला जुळणारी हवी.

जाड स्पेसरची दुसरी जात आहे. तो आपल्या नटांनी हबवर बसतो आणि चाकासाठी त्याला स्वतःचे स्टड असतात. इथे आट्यांचा प्रश्न सुटतो, पण आतले नट चाकाखाली झाकले जातात. चाक उतरवल्याशिवाय ते तपासता येत नाहीत, म्हणून कोणी तपासत नाही. हबच्या मधल्या कड्यावर चाक केंद्रात बसतं. जाड स्पेसरला तसं कडं नसेल तर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरतं. भंगारातला तुकडा लेथवर फिरवून केलेली चकती, एकावर एक दोन चकत्या किंवा वायसरांची चळत, यांच्या वाटेला तर जाऊच नये.

सगळं नीट केलं तरी तरफेचा नियम चुकत नाही. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा भार वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात जास्त ओढ खातं. बसवल्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटरवर नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासायला हवेत. गंज किंवा रंगाचा थर दबला की ओढ कमी होते. नट सुटण्याची धास्ती जुन्या कंपन्यांनाही होती. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपच्या घराण्यात डाव्या चाकांना उलटे आटे असत, चाक फिरताना नट ढिले होऊ नयेत म्हणून.

कायद्याची बाजूही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही कळवा. जर्मनीत अशा भागाला प्रमाणपत्र लागतं आणि बसवल्यावर गाडीची तपासणी होते. तिथला शौकीनही शौक करतो, पण कागद दाखवून.

दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. चाक निखळलं तर गाडी कदाचित ड्रमवर घसटत थांबेल, पट्टा लावलेला चालक वाचेलही. पण सुटलेलं चाक थांबत नाही. ते पुढे जातं, आणि पुढे एसटीच्या थांब्यावर कोणी आजी उभी असते, दूध घालून परतणारा सायकलवाला असतो. त्यांनी तुमच्या जीपचा रुबाब पाहिलेलाही नसतो.

तेव्हा तरुण मित्रांनो, हौस जरूर करा. पण चाक बाहेर काढण्याआधी नट हातात घ्या आणि फेरे मोजा. हिशेब पुरा भरत नसेल तर योग्य लांबीचे, योग्य प्रतीचे स्टड जाणत्या माणसाकडून बसवून घ्या. तेही जमत नसेल, तर गाडी कंपनीनं दिली तशीच देखणी आहे.