सांध्यांचे दुखणे आणि मनाची कैफियत

शहाडच्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्या एखाद्या तरुणीची बोटे सकाळी ताठरून डब्याचे झाकणही उघडेनाशी झाली, तर घरची माणसे तिला संधिवात समजून डॉक्टरांकडे नेतात. पण तीच मुलगी भयंकर स्वप्नांनी दचकून उठू लागली, घरच्यांवर संशय घेऊ लागली किंवा कोणी हाका मारते असे सांगू लागली, तर ‘बाहेरचे’ म्हणून अंगारा लावला जातो, आणि ही दोन्ही दुखणी एकाच व्याधीची असू शकतील हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

अशी एक व्याधी म्हणजे ल्युपस. शरीराची संरक्षक शक्ती स्वकीय पेशींवरच उलटते, अशा विकारांपैकी हा एक. त्याच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. गालांवरचा लालसर चट्टा, गळणारे केस, लघवीतून जाणारी प्रथिने ही त्याची परिचित लक्षणे; परंतु रक्तातील प्रतिपिंडे आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील गुठळ्या मेंदूलाही उपद्रव देतात, आणि १९९९ साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने मेंदू, मज्जातंतू व मन यांच्या अशा १९ विकृती मुक्रर केल्या, त्यांत विषण्णता, चिंता आणि भ्रमिष्टपणाही आहेत.

खरा पेच पडतो तो औषधाने. या रोगावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची मात्रा मोठी असली, विशेषतः रोज चाळीस मिलिग्रॅमच्या वर गेली, की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच कोणी झोप विसरून अखंड बडबडू लागतो, कोणी उगाच रडतो. आता हा प्रताप रोगाचा म्हणावा तर मात्रा वाढवावी लागते, औषधाचा म्हणावा तर ती उतरवावी लागते. शिवाय जंतुसंसर्गाची शंका आधी फेडावी लागते ती वेगळीच. हा निवाडा रुग्णाच्या संपूर्ण कैफियतीवाचून कोणी करावा?

आणि नेमकी तीच अपुरी राहते. इंग्लंडमधील केंब्रिजच्या संशोधकांना २०२३ साली असे आढळले, की निम्म्याहून अधिक रुग्ण मनाची लक्षणे डॉक्टरांना क्वचितच सांगतात किंवा सांगतच नाहीत. ‘वेडी’ हा शिक्का मुलीच्या लग्नाआड येईल ही आपल्याकडची धास्ती पाहता, इथे निराळे घडत असेल असे मला वाटत नाही.

परळचे के. ई. एम. रुग्णालय आणि १९०१ पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय, दोन्ही आपल्याच मध्य रेल्वेच्या वाटेवर आहेत. कुठेही जा, पण सांध्यांच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांकडचे केसपेपर एकाच पिशवीत न्या, लक्षण कधी सुरू झाले आणि गोळी कधी वाढली यांच्या तारखा लिहून ठेवा, आणि मन बिघडले म्हणून स्टेरॉइड मात्र डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नका. त्याने जिवावर बेतू शकते.