रुळाची ऐरण



मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोहमार्गावरची गावे;
आणि ज्या रुळांवरून आगगाड्या धावतात,
त्याच रुळाचा सेवेतून उतरलेला एक तुकडा लोहारसाळेत उत्तम ऐरण होऊ शकतो.

मात्र रूळ ही सरकारी मालमत्ता आहे.
म्हणून तो रीतसर लिलावात विकलेल्या भंगारातून, पावती घेऊनच खरेदी करावा.

रुळाचा हातभर तुकडा आडवा ठेवला,
तर त्याची कंबर बारीक असल्यामुळे तो प्रत्येक घावासरशी थरथरतो, कर्कश वाजतो,
आणि घणाचे बळ व्यर्थ जाते.
तोच तुकडा उभा केला,
की त्याचा सारा भार घावाच्या थेट खाली येतो.
ध्यानात ठेवा: ऐरण आडवी नको, उभी हवी.

वरचे टोक ग्राइंडरने सपाट करावे.
त्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा अवश्य असावा.
कडा किंचित गोल कराव्यात. तीक्ष्ण कडेचा टवका उडतो.

मग बाभळीचा जाड ओंडका जमिनीत पक्का रोवून,
त्यात खाच कोरून,
तुकडा घट्ट बसवावा.
उंची किती? सरळ उभे राहा, हात सैल सोडा.
मूठ जिथे येईल, तिथे ऐरणीचा माथा.

पेरणीच्या तोंडावर वखराची पास पाजवताना
ही ऐरण शेतकऱ्याची खरी सोबतीण ठरेल.
पुन्हा सांगतो: तुकडा उभा, बैठक पक्की.